वाढंल का घटंल?

लातूरच्या त्या खोलीत सामान टाकलं, तेव्हा माझ्या नजरेत आधी भरली ती तिथं नसलेली वस्तू. दाराला आतून कडी नव्हती.

बाहेरून होती. कुलूप घालून भाजीला जायची सोय होती. पण आत बसून दार लावायचं म्हटलं तर नुसतं लोटून घ्यायचं. आतल्या बाजूला स्क्रूची भोकं दिसत होती, पुट्टी भरून बुजवलेली. म्हणजे कडी होती, आणि कुणीतरी मुद्दाम काढली होती.

सोबत वयात आलेली नात. परकं गाव. माझ्या पोटात गोळा आला. तसा माझ्या पोटात गोळा यायला फार काही लागत नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी येतो. पण हा गोळा मोठा होता. मी तशीच पदर खोचून घरमालकाकडं गेले.

घरमालक म्हणजे रसायनशास्त्राचे रिटायर झालेले सर. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बनियन, आणि खाली कडक इस्त्रीची फुल पँट, तिला कातडी पट्टा. ऐन उन्हाळ्यातही हाच वेष. पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "शर्ट घातला की वर्गावर जायचंय असं वाटतं. लुंगी लावली की रिटायर झालो असं वाटतं. म्हणून मधलं काढलं."

त्या दिवशी मात्र मी सरळ मुद्द्यावर आले. "सर, खोलीच्या दाराला कडी न्हाई."

"हौदु," ते म्हणाले. माणूस उदगीरकडचा, आजोळ कर्नाटकात. होकार-नकार तेवढे कानडीत करायचे. हौदु म्हणजे हो आणि इल्ल म्हणजे नाही. बाकीचं मराठीत, तेही मोजूनमापून.

"मग बसवून द्या की."

"इल्ल."

"का म्हणून?"

"बंद भांड्यात दाब वाढतो," सर म्हणाले आणि आत निघून गेले.

माणूस खुळा आहे, हे मी तिथंच ठरवून टाकलं. माझे निकाल असेच झटपट लागायचे तेव्हा. पण जून महिना होता. क्लासच्या आसपास एक खोली रिकामी नव्हती. खुळा तर खुळा, म्हणून आम्ही राहिलो.

सहा-सात वर्षं झाली असतील याला. साक्षी माझ्या धाकट्या लेकाची पोर. बारावी झाली, डॉक्टरकीची ती 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही. म्हणून मुखेडहून लातूरला, रिपीटर बॅचला. आता तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते: लातूरला पोर शिकायला एकटं जात नाही, मागून त्याची आजी जाते. आईला शेत-दुभतं असतं, बापाला दुकान असतं. रिकामी सापडते ती आजी. मग खोली करायची, गॅस मांडायचा आणि पोराला वेळेवर खाऊ घालायचं. आमच्या गल्लीत दर दोन दारांआड एक आजी होती. सकाळी पोरं क्लासला गेली की आम्ही आज्या ओट्यावर बसून मेथी निवडायचो आणि एकमेकींच्या काळजात सुया खुपसायचो. "तुमच्या पोरीला टेस्टमध्ये किती पडले ओ? आमच्याला कमीच पडले बघा, सहाशेच्या खाली आला." हे ऐकून बाकीच्यांच्या हातातली मेथी तशीच राहायची. किल्लारीच्या एक आजी होत्या, त्यांचा बीपीच नातवाच्या टेस्टच्या दिवशी वाढायचा. डॉक्टर गोळी बदलून बदलून थकला.

त्या वर्गात काळजी करण्यात पहिला नंबर माझाच होता. रोज बदाम भिजवायचे, सोलायचे, मोजायचे. पोरगी अभ्यासाला बसली की मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. तिच्या पेनाचा आवाज थांबला की मला वाटायचं, अडली. आवाज चालू राहिला की वाटायचं, चुकीचं तर लिहून राहिली नाही ना? अशी मी, साठी उलटलेली शहाणी बाई, पोरीच्या मानेवर बसलेली.

आणि सरांचं एक भलतंच होतं. ते कधीही दारावर टकटक करायचे. पहाटे, भर दुपारी, आम्ही जेवत असताना. दार उघडायचं नाही, नुसतं बाहेर उभं राहून विचारायचं.

"साक्षी! सायकलच्या चाकात सकाळी गच्च हवा भरली. दुपारी उन्हात लावली. दाब वाढंल का घटंल?"

"वाढेल सर!"

"हौदु." आणि चपला फटफट करत पुढच्या दारावर.

अर्ध्या तासानं किंवा चार तासांनी परत. "साक्षी! बंद डब्यातला गॅस. डबा चेपून अर्धा केला. दाब?"

"वाढेल."

"किती?"

"दुप्पट."

"हौदु."

माझा घास घशात. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, पोरगी जेवून राहिली."

"जेवताना तोंड रिकामं असतंय का? इल्ल. म्हणून उत्तर छोटं मागितलं."

संध्याकाळी मात्र रीतसर शिकवायचे. अंगणात कडुलिंबाखाली, त्यांच्या भाडेकरू पोरांना. साक्षी आणि आणखी दोघी-तिघी. त्यांचा नियम एकच: आधी तोंड, मग पेन. गणित वाचलं की आधी बोलून दाखवायचं, उत्तर वाढणार का घटणार, थोडं का लई. ते सांगितल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही. कुणी घाईनं आकडेमोड सुरू केली की सर पेन काढून स्वतःच्या पँटच्या खिशात घालायचे. रात्री त्यांच्या खिशात पोरांची पेनं खुळखुळायची.

"आकडा कुणीबी काढतंय," म्हणायचे. "कॅल्क्युलेटर काढतंय. तुम्ही दिशा सांगा."

एकदा एका पोरीनं तेच सायकलच्या चाकाचं गणित केलं. सकाळी सत्तावीस डिग्री, दुपारी डांबरावर सत्तेचाळीस. दाब तीनचा किती होईल? तिनं सत्तावीस आणि सत्तेचाळीस तसेच्या तसे घातले आणि उत्तर काढलं, पाचच्या वर.

सर उठले. अंगणात उभ्या असलेल्या तिच्या सायकलीभोवती एक फेरी मारली, चाक दाबून पाहिलं, खाली वाकून कान लावला.

"फुटलं न्हाई अजून," म्हणाले. "तुझ्या हिशोबानं लातूरच्या सगळ्या सायकली मे महिन्यात फुटायला पाहिजेत. दुकानदाराला कळवू का?"

पोरं हसली. ती पोरगीही हसली आणि दोनशे त्र्याहत्तर मिळवायला विसरले म्हणून कपाळ बडवलं. मी लांब बसून लसूण सोलत होते. मला काही कळलं नव्हतं, पण मीही हसले. न कळता हसायची मला जुनी सवय आहे.

किती जुनी, तर नांदेडच्या कॉलेजातली. अकरावीला मी सायन्सला होते, हे माझ्या सुनांना सांगितलं तर त्या तोंडाला पदर लावतात. वडिलांची हौस, पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. दोन वेण्या, रिबिनी, आणि तोरा असा की प्रयोगशाळा माझ्यासाठीच बांधली. एकदा मिठाचं एक लिटर द्रावण करायला सांगितलं. बाईसाहेबांनी काय केलं? लांब मानेच्या चंबूत रेघेपर्यंत बरोबर एक लिटर पाणी भरलं. मग त्यात मीठ टाकलं. पाणी रेघेच्या वर चढलं. आता आली का पंचाईत! मग मी मोठ्या हुशारीनं वरचं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं आणि पातळी रेघेवर आणून ठेवली. मास्तरांनी विचारलं, झालं? मी म्हटलं, अगदी रेघेवर. मास्तर म्हणाले, आणि सिंकमध्ये गेलेलं मीठ कुणाच्या बापाचं? सगळा वर्ग हसला. मीही हसले, न कळता. दिवाळीनंतर मी आर्ट्सला होते.

ही गोष्ट मी सरांना सांगितली ती लिंबू सरबतामुळं. एका दुपारी सरबत करून नेलं, तर ग्लास हातात घेऊन विचारतात, "पाण्यात साखर टाकली का साखरेवर पाणी ओतलं?"

"काय फरक पडतो सर? गोडच लागतंय ना?"

झालं. सरांनी मला आत नेलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले होते. बघते तर सगळ्या काचेच्या ग्लासांना लाल रेघा! नेलपॉलिशच्या. बांगड्यांच्या दुकानातून स्वतः आणायचे, उन्हात धरून रंग पारखून. दुकानातल्या पोरी काय म्हणत असतील, कोण जाणे. पाण्याच्या ड्रमला रेघ: इथं पाणी आलं की टँकरला फोन. चहाच्या पातेल्याला आतून खिळ्यानं ओढलेली रेघ.

"आधी साखर," सर म्हणाले. "मग थोडं पाणी, ढवळा, विरघळू द्या. मग रेघेपर्यंत पाणी. साखरबी जागा घेते ना ओ आजी. तुम्ही आधीच ग्लास भरून टाकला, तर ती कुठं बसंल?"

तेव्हा मी नांदेडच्या चंबूची गोष्ट सांगितली. सर एवढे हसले की डोळे पुसता पुसता कपाळावरची विभूतीही पुसली गेली. म्हणाले, "सगळा मराठवाडा तेच करतो. जिंदगीभर तेच तपासत आलो. आधी भांडं भरतात, मग म्हणतात, सांडलं कसं?"

त्यानंतर आमचं जरा जमलं. पण कडीच्या बाबतीत नाही.

कडीवरून आमची सरळ लढाई चालली होती. पहिल्याच आठवड्यात मी हार्डवेअरच्या दुकानातून एक छोटी कडी आणली, शेजारच्या आजीकडून पेचकस मागितला, आणि स्वतः बसवली. तिरकी बसली, पण लागायची. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन येते तो भोकांत ओली पुट्टी. कडी आणि स्क्रू कागदात नीट गुंडाळून माझ्या गॅसपाशी ठेवलेले. मग मी दाराला आतून खुर्ची लावायला लागले. दोन दिवसांनी खुर्ची गेली, तिच्या जागी ठेंगणं स्टूल आलं. सर म्हणाले, "खुर्चीचा पाय मोडका होता, दुरुस्तीला टाकली." त्या खुर्चीचा पाय माझ्या पायापेक्षा मजबूत होता.

मी ओट्यावरच्या आज्यांना सांगितलं. एक म्हणाली, "जपून राहा बाई, एकटा माणूस हाय." दुसरी म्हणाली, "तो सगळ्यांच्याच कड्या काढतो. खुळाच हाय, पण नजर साफ हाय." माझं मन पहिलीच्या बाजूला गेलं. काळजीला नेहमी पहिलीचंच खरं वाटतं.

पावसाळा संपला आणि साक्षीचं काहीतरी बिघडायला लागलं. आधी बदाम वाटीत राहायला लागले. मग पोळी. रसायनाच्या गणितांत मोल आले, लिटर आले की ती पान उलटायची आणि परत मागं यायची. टेस्टचे मार्क दर आठवड्याला फोनवर यायचे, तिला आणि तिच्या बापालाही. मग बापाचा फोन यायचा. माझा लेक वाईट नाही, पण फोनवर त्याचा आवाज सोसायटीच्या चेअरमनसारखा होतो.

"माय, तिला सांग, यंदा शेवटचं. न्हाई झालं तर घरी यायचं, पुढचं आम्ही बघू."

पुढचं म्हणजे काय, ते मुखेडला कुणाला सांगावं लागत नाही. दोन स्थळं आधीच विचारून गेली होती. फोन स्पीकरवर नसला तरी त्या खोलीत सगळं ऐकू यायचं. साक्षी वहीत बघत बसायची. पेन चालायचं नाही.

एकदा सरांनी मला अंगणात थांबवलं. "आजी, पोरगी उशिरा उत्तर द्यायला लागली."

"चुकतंय का?"

"बरोबर देते. उशिरा देते."

"मग चांगलंच की सर. विचार करून देत असंल."

सरांनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारावरची टकटक मात्र वाढली. मला वाटलं, म्हातारपणी चळ वाढला.

आणि मग तो दिवस. सकाळी टेस्टचा निकाल आला. रसायनात साक्षीला शून्याच्या खाली मार्क होते. चुकलेल्या उत्तरांचे मार्क कापतात ना, ते कापून कापून उणे. ती क्लासहून आली, चप्पल काढली, भिंतीशी बसली. मी म्हटलं, जेव. म्हणाली, नंतर. मी म्हटलं, मी भाजी घेऊन येते. म्हणाली, हं.

भाजी तर आणायचीच होती. पण माझ्या मनात दुसरंही होतं. आदल्या रात्री कुत्री फार भुंकली होती आणि मला झोप लागली नव्हती. म्हणून मी ठरवलं होतं की आता चांगली जाड लोखंडी कडी आणायची, लांब स्क्रूची, सरांच्या पेचकसाला दाद न देणारी. आणली. मेथीच्या जुडीखाली पिशवीत दडवली आणि परत आले.

अंगणात पाय टाकला तर आमचं दार सताड उघडं. उंबऱ्यावर सर बसलेले, माझ्याकडं पाठ करून. बनियन घामानं भिजलेला. खोलीत, दाराच्या मागं, कोपऱ्यात साक्षीचे पाय तेवढे दिसत होते.

मी अंगणातच थांबले.

सर अगदी रोजच्यासारखे बोलत होते. "दोन लिटर गॅस हाय. सत्तावीस डिग्रीला. चौपन्न डिग्रीपर्यंत तापवला. दाब तोच ठेवला. आता किती लिटर?"

आतून काही नाही.

"बरं, मी सांगतो. सत्तावीसचे झाले चौपन्न. दुप्पट. म्हणजे गॅसबी दुप्पट. चार लिटर."

काही नाही.

"चार लिटर," सर ठणकावून म्हणाले. "लिहून घे. उत्तर चार."

मला वाटलं, उठवावं या माणसाला इथून. पोरीची ही दशा आणि हा गणितं घालून राहिला. मी एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात आतून आवाज आला, चिरलेला, नाकातला.

"चुकलं."

"काय चुकलं? सत्तावीस दुणे चौपन्न. मुखेडला वेगळा पाढा हाय का?"

"दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे असतात सर."

"खामखा? कशासाठी?"

"ते शून्य खरं शून्य नसतं." ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "पाणी गोठतं तिथं आपण शून्य मांडलेलं असतं. खरं शून्य लई खाली असतं."

"किती खाली?"

"दोनशे त्र्याहत्तर."

"मग तिथून मोज."

"तीनशे... आणि तीनशे सत्तावीस." आता आवाज जरा तिचा वाटला. "थोडंच वाढेल सर. दुप्पट कुठलं? दोन लिटरचे दोन पॉइंट... अठरा."

"हौदु," सर म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठायला गेले, त्यांना उठवेना. तेव्हा दिसलं, त्यांचे पाय लटलट कापत होते.

मी पिशवी टाकून आत धावले. पोरीला पोटाशी धरलं. ती रडली, मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले. म्हणाली, "काही नव्हतं आजी. मला नुसतं बोलता येत नव्हतं." मी त्यावर विश्वास ठेवला. अजून ठेवते.

जरा शांत झाल्यावर मी बाहेर आले. सर कडुलिंबाखाली बसले होते. समोर माझी पिशवी आडवी पडलेली, मेथी विखुरलेली, आणि मधोमध ती जाड लोखंडी कडी. सर तिच्याकडं बघत होते.

"लोखंड चांगलं हाय," म्हणाले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मी गप्प बसणारी बाई नाही. लाज लपवायला मी मोठ्या गोष्टी बोलते. म्हटलं, "सर, काय सुंदर समजावलंत ओ. पोरीच्या मार्काचं शून्यसुद्धा खरं शून्य न्हाई. खरं शून्य लई खाली, आणि ती त्याच्या किती वर हाय! मला तर डोळ्यांत पाणी..."

"आजी," सर म्हणाले, "मी गॅसचं बोलत होतो."

मी मेथी गोळा केली. कडी तशीच पडू दिली.

"तुमच्या आधी त्या खोलीत देगलूरचा एक पोरगा होता," ते आपण होऊन म्हणाले. "हुशार. मी दारावरून विचारायचो, तो पटकन सांगायचा. मग उशिरा सांगायला लागला. मला वाटलं, विचार करून सांगून राहिला. एका दिवशी उत्तरच आलं न्हाई. आतून कडी. मी हाका मारल्या. पहार आणली. दार तोडेपर्यंत..." त्यांनी पँटच्या खिशात हात घातला, पोरांची पेनं बाहेर काढली, परत आत ठेवली. "वाचला. देगलूरला कापडाच्या दुकानात बसतो आता. दिवाळीला फोन करतो. पण तो वेळ माझ्या कानातून जात न्हाई. म्हणून कड्या काढल्या."

"आणि हे वाढंल का घटंल?"

"मग काय विचारू? बरी हायेस का, असं विचारलं तर सगळी पोरं हो म्हणतात. गॅसचं विचारलं की आवाज खरा येतो."

रोज दोन-दोनदा दारावर येणारा तो माणूस मला खुळा वाटला होता. आता सांगताना हसू येतं. पण त्या दिवशी तिथं बसवेना. मी उठून आत गेले आणि दार सताड उघडं ठेवलं. संध्याकाळी लेकाला फोन लावला आणि म्हटलं, उद्यापासून मार्क माझ्या फोनवर येऊ दे, तुझ्या नको, आणि स्थळांना सांग की आजीनं नकार कळवलाय. तो "माय, ऐक तर" म्हणाला. मी म्हटलं, "इल्ल." त्याला काही कळलं नाही, पण तो गप्प बसला.

साक्षीचा एमबीबीएसला नंबर त्याही वर्षी लागला नाही. जनावरांच्या डॉक्टरकीला लागला, उदगीरला. निकाल सांगायला आम्ही सरांकडं गेलो. त्यांनी तिला लाल रेघेच्या ग्लासात सरबत दिलं आणि विचारलं, "म्हशीचं वजन वाढलं तर औषधाची मात्रा वाढंल का घटंल?" ती म्हणाली, "वाढेल." "हौदु," म्हणाले, "मग झालं." जाताना तिची सगळी पेनं परत दिली. निम्मी तिची नव्हतीच.

गेल्या वर्षी सर गेले. ओट्यावरच्या एका आजीनं फोन करून सांगितलं. घर पुतण्यानं घेतलंय, रंग दिलाय, आणि सगळ्या दारांना आतून नव्या कड्या बसवल्यात. ते ऐकून माझ्या पोटात जुना गोळा आला, तसाच, मोठा.

माझी ती जाड कडी माझ्याकडंच आहे. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधते, त्यावर वजन म्हणून ठेवते.

आता मी मुखेडला असते, साक्षी उदगीरला हॉस्टेलवर. शेवटचं वर्ष आहे. मी दिवसातून एकदा फोन करते, कधीही. हॅलो न म्हणता विचारते, "डबा तापवला. झाकण गच्च. दाब?" ती हसते आणि सांगते. कधी गोठ्यातून, कधी मेसमधून. तिच्या मैत्रिणींना वाटतं, आजी खुळी आहे. वाटू दे.

गेल्या मंगळवारी असाच फोन केला. म्हटलं, "साक्षे, सकाळी फुगा फुगवला, उन्हात ठेवला. वाढंल का घटंल?"

फोनवर नुसता श्वास. मग ती म्हणाली, "वाढेल, आजी."

बरोबर होतं. पण उशिरा आलं.

"परीक्षा जवळ आली का गं?"

"हो. बरीये मी. ठेवू का?"

मी फोन ठेवला. ज्वारीचं पीठ डब्यात भरलं, शेंगदाण्याची चटणी घेतली, आणि उदगीरच्या एसटीत बसले. लेक स्टँडपर्यंत मागं आला. "माय, झालं काय?" मी म्हटलं, काही नाही. तेवढा रस्ता कधी नव्हे इतका लांबला. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबत होती, आणि प्रत्येक फाट्यावर मला देगलूरच्या त्या पोराला हाक मारणारे सर दिसत होते, हातात पहार घेतलेले.

हॉस्टेलच्या बाईंनी खोली दाखवली. दार बंद होतं. आतून कडी.

मी टकटक केली. नाव घेतलं नाही, हाक मारली नाही. दाराला तोंड लावून म्हटलं, "दोन लिटर गॅस हाय. सत्तावीस डिग्रीला. चौपन्नपर्यंत तापवला. माझ्या हिशोबानं चार लि..."

"चुकलं!" आतून आवाज आला, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कडी निघाली.